हक्क मागणें ख्रिस्ती मनुष्यास शोभतें काय?

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांमध्यें एक प्रश्न वारंवार निघतो आणि त्याचें उत्तर पुष्कळदां घाईनें दिलें जातें. मालकानें मजुरी अडकवून ठेविली, पाणवठ्यावर कोणी आडकाठी केली, शेतांत घाण पाणी शिरलें किंवा शिपायानें विनाकारण चौकींत बसवून ठेविलें, म्हणजे आमच्यांतील एखादा भाविक म्हणतो, "आपण ख्रिस्ती लोक, आपण भांडावयाचें नाहीं. प्रभूनें दुसरा गाल पुढें करावयास शिकविलें आहे. प्रार्थना करावी आणि गप्प राहावें." त्यावर एखादा तरुण त्वेषानें उत्तर देतो, "गाल पुढें करणाऱ्यास जग पायाखालीं तुडवितें. हक्क मागितल्यावांचून मिळत नाहीं." उपदेशक बिचारा दोघांच्या मध्यें सांपडतो. एकाच्या तोंडीं शास्त्राचा आधार आहे, दुसऱ्याच्या बोलण्यांत अनुभवाचें बळ आहे. ह्या दोघांत खरें कोणाचें, ह्याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

हा विचार केवळ पुस्तकी नव्हे. नागपूरच्या उत्तरेस कामठी तालुक्यांत कोराडी हें गांव आहे. पुष्कळ लोक त्यास जगदंबेच्या देवळामुळें ओळखतात आणि त्याहूनही पुष्कळ लोक तेथील औष्णिक वीज केंद्रामुळें ओळखतात. त्या केंद्राचा पहिला संच १९७४ सालीं सुरू झाला, आणि पुढें ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच उभे राहिले. दगडी कोळसा जाळून वीज होते; ती राज्यभर जाते, आणि मागें राख उरते. ही राख पाण्यांत कालवून मोठमोठ्या तलावांत सोडण्यांत येते. ता. १६ जुलै २०२२ रोजीं अतिवृष्टींत खसाळा येथील अशा तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल आसपासच्या शेतांत व नाल्यांत पसरला. ज्याच्या शेतांत तो शिरला, त्यानें काय करावें? देवाची इच्छा म्हणून घरीं बसावें, कीं अर्ज हातीं घेऊन कचेरीची पायरी चढावी? प्रश्न ह्या रूपानें उभा राहिला म्हणजे त्याचें उत्तर टाळतां येत नाहीं.

प्रथम शब्दाचा अर्थ नीट लावून घेऊं. मालक दिवाळीस गड्याला धोतरजोडी देतो, ती मेहेरबानी होय. त्यानें ती न दिली, तर त्यास कंजूष म्हणतां येईल, चोर म्हणतां येणार नाहीं. परंतु गड्यानें आठवडाभर राबून मिळविलेली मजुरी ही मेहेरबानी नव्हे. ती राखून ठेवणारा दुसऱ्याची वस्तु आपल्या घरांत ठेवितो. याकोबानें आपल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, अशा अडकविलेल्या मजुरीस जणूं वाचा फुटते आणि तिची ओरड देवाच्या कानापर्यंत जाते. जी गोष्ट न देणें हा कंजूषपणा नसून अन्याय ठरतो, तिच्यावर मनुष्याचा हक्क असतो.

आतां मजुरी ही कामानें कमवावी लागते. पण मनुष्य म्हणून जन्मास आला, एवढ्यानेंच जे त्याचे होतात असे कांहीं हक्क आहेत काय? ह्याचें उत्तर पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत आहे. स्त्री व पुरुष, दोन्ही देवाच्या प्रतिमेचीं आहेत, असें तेथें सांगितलें आहे. आणि त्यास जातीची, जमीनजुमल्याची किंवा अक्षरओळखीची अट घातलेली नाहीं. राजाची मुद्रा उमटलेलें नाणें चिखलांत पडलें, म्हणून त्याची किंमत कमी होत नाहीं. तें पायाखालीं तुडविणारा नाण्याचा नव्हे, तर राजाचा अपमान करितो. म्हणून आम्ही असें मानतों कीं, मनुष्याचा हक्क सरकार निर्माण करीत नाहीं. तो आधींच आहे, सरकार तो मान्य करितें. आणि जें सरकारनें दिलेलेंच नाहीं, तें सरकारास मनास येईल तेव्हां काढूनही घेतां येत नाहीं.

हीच गोष्ट जगांतील राष्ट्रांनीं मोठा मार खाल्ल्यावर कबूल केली. दुसऱ्या महायुद्धांत लाखो यहूदी लोकांस केवळ यहूदी म्हणून ठार करण्यांत आलें, आणि तेथील सरकारनें तें आपल्याच हुकुमांच्या आधारें केलें. त्यावरून उघड झालें कीं, देशाच्या कायद्यांत लिहिलें म्हणजे तें न्याय्य झालें, असें नाहीं. ता. १० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. त्यांत ३० कलमें आहेत. ४८ राष्ट्रांनीं अनुकूल मत दिलें, ८ तटस्थ राहिलीं, विरुद्ध मत एकाचेंही पडलें नाहीं. भारत अनुकूल राष्ट्रांत होता. पहिल्या कलमाच्या मसुद्यांत केवळ 'पुरुष' असाही अर्थ निघूं शकेल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधि श्रीमती हंसा मेहता ह्यांनीं आग्रह धरिला, म्हणून त्या जागीं सर्व 'मानव' असा निःसंशय शब्द आला. लेबानन देशाचे ख्रिस्ती प्रतिनिधि चार्ल्स मलिक ह्यांच्या खटपटीनें १८ व्या कलमांत धर्म बदलण्याचें स्वातंत्र्यही स्पष्ट नमूद झालें. कापूस वेंचणाऱ्या बाईस आणि बाप्तिस्मा घेतलेल्या मजुरास ह्या दोन नांवांची ओळख असावी, असें आम्हांस वाटतें.

आतां दुसऱ्या गालाचा प्रश्न घेऊं. डोंगरावरील प्रवचनांतील ती आज्ञा खरी आहे, आणि ती सौम्य करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु ज्या प्रभूनें ती दिली, त्यानें ती स्वतः कशी पाळिली हें पाहिल्यावांचून तिचा अर्थ लागणार नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत महायाजकापुढें एका शिपायानें प्रभूस चपराक मारिली. प्रभूनें उलट हात उचलिला नाहीं. परंतु तो गप्पही राहिला नाहीं. आपण वाईट बोललों असल्यास तें दाखवून द्यावें, नसल्यास मारण्याचें कारण काय, असा त्यानें शिपायास सरळ जाब विचारिला. सूड घेणें निराळें आणि अन्यायास अन्याय म्हणणें निराळें. प्रभूनें पहिल्याची मनाई केली. दुसरें त्यानें स्वतः केलें.

पौलाचें उदाहरणही असेंच आहे. फिलिप्पै येथें त्यास चौकशीवांचून फटके मारून बंदींत टाकिलें. दुसऱ्या दिवशीं अधिकाऱ्यांनीं त्यास गुपचूप सोडून देऊं केलें, तेव्हां तो निघून गेला नाहीं. आपण रोमी नागरिक असतां आपणांस उघड फटके मारिले, तर आतां अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन बाहेर न्यावें, असें त्यानें सांगितलें. आणि त्यांस यावें लागलें. त्याच रात्रीं त्यानें बंदिशाळेच्या नायकाचा जीव वांचविला होता, तेव्हां त्याच्या मनांत द्वेष होता असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. पुढें त्यानें सुभेदार फेस्ताच्या न्यायासनापुढें कैसराकडे दाद मागितली. पौलाचा हा हट्ट स्वतःच्या मानासाठीं नसावा. तो गांव सोडून जाणार होता, पण फिलिप्पै येथील नवीन मंडळी मागें राहणार होती. अधिकाऱ्यांस एकदां जरब बसली, तर पुढें तिच्या अंगावर हात टाकण्यापूर्वीं ते विचार करतील, असें त्यानें मनांत आणिलें असेल.

येथें आम्हांस ह्या प्रश्नाची किल्ली सांपडते. माझा अपराध ज्यानें केला, त्यास क्षमा करणें माझ्या हातीं आहे. परंतु माझ्या शेजाऱ्याचा हक्क सोडून देणें माझ्या हातीं नाहीं. तो माझा नव्हेच. एका शेतकऱ्यानें आपल्या पिकाची नुकसानी प्रभूकरितां सहन केली, तर तें त्याचें औदार्य होईल. परंतु तेंच पाणी गांवचीं लेंकरें पीत असतां तो गप्प राहिला, तर तें औदार्य दुसऱ्याच्या जिवावर केलेलें आहे. इज्रेल येथील नाबोथानें आपल्या वाडवडिलांचा द्राक्षमळा अहाब राजास देण्याचें नाकारिलें, तें कांहीं लोभानें नव्हे. राजा तर चांगली किंमत देत होता. ती जमीन पुढील पिढीची आहे, आपण तिचे केवळ राखणदार आहों, हें तो जाणत होता. त्याचा जीव गेला, पण देवानें एलीयास पाठविलें तें राजास जाब विचारावयास, नाबोथास नमतें घ्यावयास सांगण्याकरितां नव्हे.

हक्क आहेत हें मानलें, तरी त्यांचें रक्षण कसें होतें, हा प्रश्न उरतो. कागदावर लिहिल्यानें तें होतें काय? ह्याचें उत्तर आमच्या महाराष्ट्रांतच घडलेल्या एका गोष्टींत आहे. सन १९२३ सालीं मुंबई कायदेमंडळानें रावबहादुर सी. के. बोले ह्यांचा ठराव मंजूर केला कीं, सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुल्या असाव्या. पुढच्या वर्षीं महाड नगरपालिकेनें आपलें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागद पुरा झाला. पण तळ्यावर जनावरें पाणी पीत होतीं, आणि हे लोक पिऊं शकत नव्हते. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर त्या लोकांवर हल्ला झाला, पुष्कळांची डोकीं फुटलीं. परंतु बाबासाहेबांनीं आपल्या लोकांस उलट हात उचलूं दिला नाहीं. मग विरोधकांनीं तळ्याचें शुद्धीकरण केलें आणि नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत पुनः सत्याग्रह करण्याचें ठरलें, परंतु कोर्टाचा मनाई हुकूम आला. तेव्हां बाबासाहेबांनीं सत्याग्रह तहकूब करून दावा लढविला. शेवटीं १९३७ च्या मार्च महिन्यांत मुंबई हायकोर्टानें निकाल त्यांच्या बाजूनें दिला. ओंजळभर पाण्यास दहा वर्षें लागलीं.

ह्या गोष्टींतून आम्हीं तीन धडे घेतले पाहिजेत. ठराव आवश्यक आहे, पण तो पुरेसा नाहीं. कोणी तरी उठून तळ्यापर्यंत चालत जावें लागतें. एकट्यानें जाऊन चालत नाहीं. मिळून जावें लागतें. आणि हक्काचें रक्षण काठीनें होत नाहीं. धीरानें व कायद्यानें होतें. बाबासाहेब ख्रिस्ती नव्हते, परंतु हल्ल्याच्या वेळीं त्यांनीं दाखविलेला संयम पाहून आम्हां ख्रिस्ती म्हणविणारांनीं मान खालीं घालावी, असा तो प्रसंग होता.

पुढें त्याच पुरुषाच्या हातून आमच्या संविधानाचा मसुदा झाला, आणि ता. २६ जानेवारी १९५० पासून तें अंमलांत आलें. जाहीरनाम्याच्या जोरावर कोर्टांत फिर्याद लागत नाहीं. संविधानाच्या तिसऱ्या भागांतील हक्कांची गोष्ट तशी नाहीं. १५ व्या कलमानें विहिरी, तळीं व घाट सर्वांस खुले केले. १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. २१ व्यानें जीविताचें रक्षण केलें. २३ व्यानें वेठबिगारीस मनाई केली. २५ व्यानें धर्म मानण्याचें, आचरण्याचें व सांगण्याचें स्वातंत्र्य दिलें. परंतु हीं सर्व कलमें ज्याच्या आधारावर उभीं आहेत, तें ३२ वें कलम होय. हक्क हिरावला गेला, तर सरळ सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचा अधिकार तें देतें. संविधानसभेंत त्यावर ता. ९ डिसेंबर १९४८ रोजीं चर्चा झाली, तेव्हां बाबासाहेबांनीं ह्या कलमास संविधानाचा आत्मा म्हटलें. दुसऱ्याच दिवशीं पॅरिसला जाहीरनामा मान्य झाला. दिल्लीस मात्र दाद मागण्याचें दार आदल्या दिवशींच उघडलेलें होतें. असाच अधिकार २२६ व्या कलमानें हायकोर्टास आहे, आणि त्याचें खंडपीठ नागपुरासच आहे.

आतां कोराडीकडे वळूं. स्वच्छ हवा व पाणी हा हक्क संविधानांत वेगळ्या शब्दांनीं लिहिलेला नाहीं. परंतु सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं एका खटल्यांत सांगितलें कीं, जीविताच्या हक्कांत प्रदूषणरहित पाणी व हवा ह्यांचा समावेश होतो. खसाळ्याचा बांध फुटल्यावर बाराच दिवसांनीं, ता. २८ जुलै २०२२ रोजीं, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेंही स्वच्छ व निरोगी पर्यावरण हा मनुष्याचा हक्क मान्य केला. तेव्हां राखेनें विहीर बिघडल्याची तक्रार करणारा मनुष्य भीक मागत नाहीं. वीज आम्हां सर्वांस हवी आहे. आमच्या प्रार्थनामंदिरांतही दिवा लागतो, आणि त्या केंद्रावर अनेकांचें पोट आहे. परंतु प्रकाश सर्वांचा आणि राख एकाच गांवची, ही वाटणी न्यायाची नव्हे.

अशा वेळीं जावयाचीं दारें कोणतीं, हें उपदेशकांनीं माहीत करून घ्यावें. मोठा कारखाना वाढविण्यापूर्वीं जनसुनावणी घ्यावी लागते. कोराडी येथें आणखी दोन संचांविषयीं अशी सुनावणी ता. २९ मे २०२३ रोजीं झाली आणि नागपुरांतील पर्यावरणप्रेमी मंडळींनीं तेथें हरकती मांडिल्या. २००६ च्या नियमांप्रमाणें अशा सुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधीं द्यावी लागते; लेखी हरकत देतां येते; आणि झालेलें कामकाज स्थानिक भाषेंत वाचून दाखवावें लागतें. जो तेथें गेला नाहीं, त्याचें म्हणणें कागदावर येत नाहीं. प्रदूषणानें नुकसान झाल्यास भरपाईसाठीं २०१० च्या कायद्यानें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झालें आहे. त्याचें एक पीठ पुण्यास आहे, आणि भरपाईचा अर्ज पांच वर्षांच्या आंत करावा लागतो. कागदपत्र पाहावयाचे असतील, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें अर्ज करावा. त्याचें उत्तर सामान्यतः ३० दिवसांत द्यावें लागतें.

वकिलास पैसे कोठून आणावे, ही अडचण खरी आहे. परंतु १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, कारखान्यांतील कामगार, आपत्तिग्रस्त आणि अटकेंतील माणसें ह्यांस, त्यांची मिळकत न पाहतां, फुकट वकील मिळतो. इतर गरिबांसही मिळतो. जिल्हा न्यायालयांत ह्याची कचेरी असते, आणि १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनि करितां येतो. पोलिसांनीं कोणास अटक केली, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आंत त्यास मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलेंच पाहिजे, असें २२ वें कलम सांगतें. सरकारी नोकराकडून जुलूम झाल्यास मानवी हक्क आयोगाकडे मराठींतही तक्रार लिहितां येते. तिला फी पडत नाहीं, पण ती एक वर्षाच्या आंत गेली पाहिजे. हा आयोग हुकूम देत नाहीं, शिफारस करितो, हें लक्षांत ठेवावें. तरी त्याच्या पत्रानें पुष्कळ बंद फाइली उघडतात.

येथवर वाचून आमच्या तरुण मित्रास आनंद झाला असेल. त्यानें आणखी थोडें पुढें वाचावें. सरकारापाशीं व कारखान्यापाशीं हक्क मागावयास आपण निघालों, पण आपल्या हातीं कोणाचा हक्क अडकून आहे, हें पाहिलें काय? गणनेच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत सलाफहादाच्या पांच मुली मोशेपुढें येऊन उभ्या राहिल्या. बापास मुलगा नव्हता, आणि रिवाजाप्रमाणें जमीन चुलत्यांकडे जाणार होती. बापाचा वांटा आपणांस मिळावा, एवढेंच त्यांनीं सर्व लोकांदेखत मागितलें. मोशेनें त्यांस उद्धट म्हणून हांकून दिलें नाहीं. त्यानें ती गोष्ट देवापुढें नेली, आणि त्या मुलींचें म्हणणें रास्त आहे असा निवाडा देवानें दिला. मागणाऱ्या मुलींस देवानें धिक्कारिलें नाहीं, कायदा बदलला.

आमच्या देशांत मृत्युपत्र न करितां वारलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मालमत्तेस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मुलेंबाळें असल्यास त्यांतील एक तृतीयांश विधवेस जातो, आणि उरलेला मुलगा व मुलगी ह्यांच्यांत सारखा वांटला जातो. केरळांतील जुन्या त्रावणकोर संस्थानांत हा कायदा चालत नसे. तेथील मेरी रॉय नांवाच्या शिक्षिकेनें सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९८६ सालीं तेथील ख्रिस्ती मुलींस तो मिळवून दिला. आमच्या भागांत तो मुलींस केव्हांचाच मिळालेला आहे. आणि आम्ही काय करितों? बापाच्या मृत्यूनंतर बहिणीस माहेरीं बोलावून, जेवूं घालून, साडीचोळी देऊन, तिच्यापुढें हक्कसोडपत्र ठेवितों. ती सही करिते, कारण न केली तर माहेरचें दार बंद होईल, ही तिला भीति असते. मग आम्ही म्हणतों कीं तिनें राजीखुशीनें दिलें! ज्या भीतीनें मजूर मालकापुढें गप्प बसतो, तीच ही भीति. ज्यानें बहिणीचा अंगठा असा घेतला, त्यानें राखेच्या तलावाविरुद्ध अर्ज लिहितांना क्षणभर थांबावें. अर्ज जरूर लिहावा. पण आधीं ती सही परत करावी.

तेव्हां आरंभींच्या दोघांस आमचें सांगणें असें. भाविक बंधूनें प्रार्थना सोडूं नये, पण शेजाऱ्याच्या अन्यायापुढें गप्प बसण्यास क्षमेचें नांव देऊं नये. तरुण बंधूनें हक्क सोडूं नये, पण द्वेष सोडावा, आणि आपल्या हक्काआधीं आपल्यापाशीं असलेला दुसऱ्याचा हक्क ज्याचा त्यास द्यावा. उपदेशकांस आमची विनंती आहे कीं, येत्या एखाद्या रविवारीं गणनेचा सत्ताविसावा अध्याय मंडळींत वाचावा आणि प्रत्येक कुटुंबास शांतपणें विचारावें कीं, तुमच्या घरीं कोणाची मजुरी, कोणाची जमीन, कोणाचा वांटा थकला आहे काय? ती थकबाकी फेडूं लागलेली मंडळी दुसऱ्या दिवशीं कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या चढूं लागली, तर तिचा आवाज जड होणार नाहीं, आणि तिच्या म्हणण्यास वजन येईल.